तिसरी येकातेरिना

१९५७ च्या जूनअखेरीस सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या प्रेसिडियमवर पंधरा जण होते. प्रेसिडियम म्हणजेच आधीचं आणि नंतरचं पॉलिटब्युरो. मधल्या काळात नाव तेवढं बदललं होतं. देश चालवायचे ते हेच पंधरा जण. त्यांतले ख्रुश्चेव्ह आणि ब्रेझनेव्ह सगळ्यांना ठाऊक असतात, युद्धाची पुस्तकं वाचणाऱ्यांना मार्शल झुकॉव्ह माहीत असतो. बाकी अरिस्तॉव्ह, बेल्यायेव्ह, इग्नातॉव्ह, किरिचेन्को ही नावं इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारशी कुणाच्या तोंडी नाहीत. त्या पंधरांत एकच बाई होती, येकातेरिना अलेक्सेयेव्ना फुर्त्सेवा. या मंडळाची पूर्ण सदस्य झालेली ती पहिली स्त्री. तीन वर्षांतच तिला पक्षाच्या सचिवालयातून काढून सांस्कृतिक मंत्रालयात बसवण्यात आलं. सोव्हिएत राजकारणाच्या हिशेबात ही सरळसरळ पदावनती होती. पण फुर्त्सेवांचं नाव टिकलं ते या पदावनतीमुळेच. प्रेसिडियमच्या सदस्य म्हणून त्यांनी काय केलं हे सांगायला चार वाक्यं पुरतात. मंत्री म्हणून त्यांनी काय केलं आणि काय होऊ दिलं नाही, यावर मात्र रशियातले नट, नर्तकी आणि गवई अजूनही भांडतात.

त्यांचा जन्म १९१० चा, मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्या मधल्या व्हिश्नी व्होलोच्योक या गावातला. गाव कापडगिरण्यांचं. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले, आई गिरणीत. मुलगीही पंधराव्या वर्षी मागावर उभी राहिली. पुढे अनेक वर्षं मंत्रालयातले आणि नाटकमंडळींतले लोक पाठीमागे त्यांना ‘विणकरीण’ म्हणत आणि त्या शब्दात हेटाळणी असे. कामगारांच्या राज्यात गिरणी कामगार असणं हे चेष्टेचं कारण व्हावं, यातला विनोद त्या हसणाऱ्यांच्या लक्षात येत होता की नाही, कोण जाणे.

गिरणीतून कोम्सोमोल, म्हणजे पक्षाची युवक संघटना, तिथून क्रिमिया, तिथून हवाई दलाशी निगडित शिक्षणसंस्थांमधलं संघटनेचं काम. वैमानिक प्योत्र बित्कॉव्ह यांच्याशी लग्न याच काळातलं. मग मॉस्कोत सूक्ष्म रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश आणि १९४१ साली रसायन अभियंत्याची पदवी. त्याच वर्षी जर्मनीने हल्ला केला. १९४२ मध्ये मुलगी झाली, लग्न मोडलं, आणि बाई मॉस्कोच्या फ्रुन्झे जिल्ह्याच्या पक्षसमितीत कामाला लागल्या. रसायनशास्त्राशी संबंध तिथेच संपला. कलेशी तर तोवर आलाच नव्हता.

१९५४ मध्ये त्या मॉस्को शहराच्या पक्षप्रमुख झाल्या. राजधानीची सूत्रं एका स्त्रीच्या हाती येण्याची ही पहिलीच वेळ. लुझ्निकीचं प्रचंड स्टेडियम त्यांच्याच काळात उभं राहिलं, ख्रुश्चेव्हच्या स्वस्त पाचमजली घरांची लाट तेव्हाच सुरू झाली आणि १९५७ चा जागतिक युवक महोत्सव मॉस्कोत भरला. स्टालिनच्या काळात परदेशी माणसाशी चार शब्द बोलायलाही घाबरणाऱ्या शहरात एकदम हजारो परदेशी तरुण उतरले, रस्त्यांवर गाऊ-नाचू लागले. दारं थोडी उघडली तर काय होतं याचा हा पहिला मोठा अनुभव, आणि तो फुर्त्सेवांनी यजमान म्हणून घेतलेला होता.

महोत्सवाच्या महिनाभर आधी त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा जुगार झाला होता. १८ जून १९५७ ला प्रेसिडियमच्या बैठकीत मोलोतॉव्ह, मालेन्कॉव्ह, कगानोविच या जुन्या स्टालिनी मंडळींनी ख्रुश्चेव्हला पायउतार करण्याचा प्रस्ताव आणला. बहुमत त्यांच्याकडे होतं. फुर्त्सेवा तेव्हा नुसत्या उमेदवार-सदस्य, म्हणजे बोलण्याचा हक्क होता पण मत नव्हतं. ख्रुश्चेव्हच्या बाजूच्या मंडळींनी बैठक लांबवली, निर्णय केंद्रीय समितीपुढे न्यायचा आग्रह धरला आणि देशभरातल्या समिती-सदस्यांना लष्करी विमानांतून मॉस्कोत आणलं. या धावपळीत झुकॉव्ह आणि केजीबीप्रमुख सेरॉव्ह यांच्या जोडीने फुर्त्सेवाही होत्या. पारडं फिरलं. महिनाअखेरीस ‘पक्षविरोधी गट’ बाहेर गेला आणि बाई पूर्ण सदस्य झाल्या.

ज्याला वाचवलं त्यानेच पुढे त्यांना दूर केलं. मे १९६० मध्ये ख्रुश्चेव्हने सचिवालय झाडून काढलं आणि त्यात फुर्त्सेवांचंही पद गेलं. त्यांनी ख्रुश्चेव्हबद्दल फोनवर काही कडवट उद्गार काढले आणि ते ख्रुश्चेव्हपर्यंत पोचवले गेले, असं अनेकांनी लिहून ठेवलं आहे. १९६१ च्या ऑक्टोबरात पक्षाच्या बाविसाव्या महाअधिवेशनानंतर प्रेसिडियमच्या यादीतही नाव नव्हतं. हा घाव खोल बसला. त्या वेळी त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला, असा उल्लेख समकालीनांच्या आठवणींत वारंवार येतो. सावरल्यावर त्या मंत्रालयात परतल्या आणि मरेपर्यंत तिथेच राहिल्या. १९६४ साली ख्रुश्चेव्ह गेले, ब्रेझनेव्ह आले, बाई जागच्या जागी. एकूण चौदा वर्षं.

हे मंत्रालय १९५३ मध्ये स्थापन झालेलं. फुर्त्सेवांच्या आधी सात वर्षांत तीन मंत्री होऊन गेले होते आणि त्यांतल्या एकाची उचलबांगडी खासगी वर्तनाच्या भानगडीतून झाली होती. पक्षाच्या उतरंडीत खातं खालचं, पण पसारा अफाट. देशभरातली नाट्यगृहं, सर्कशी, वस्तुसंग्रहालयं, ग्रंथालयं, संगीत विद्यालयं, खेडोपाडीचे क्लब हे सगळं सरकारी. नटाचा पगार सरकारी, पडद्याचं कापड सरकारी. नवं नाटक बसवलं की ते आधी आयोगाला ‘सोपवावं’ लागे. रिकाम्या प्रेक्षागृहात पाच-दहा अधिकारी बसून बघत, टिपणं काढत, मग बैठक होई. संहितेवर सेन्सॉरचा, म्हणजे ग्लावलितचा शिक्का लागे, तो वेगळाच. परदेश दौरे गोस्कॉन्सर्ट या सरकारी संस्थेमार्फत होत आणि कलावंताने परदेशात कमावलेल्या डॉलरांचा बहुतेक भाग तिजोरीत जाई.

नियम इतके की नियमाने काहीच घडू नये. त्यामुळे जे काही घडे ते कुणाच्या तरी शब्दावर, कुणीतरी उचललेल्या सरकारी टेलिफोनवर. फुर्त्सेवांची खरी सत्ता ही होती. मंत्रालयाच्या नियमपुस्तिकेपेक्षा बाईंच्या मनःस्थितीचा अभ्यास मॉस्कोतले दिग्दर्शक जास्त करत. त्या रडत, ओरडत, मिठी मारत, एकदम विरघळत. केस टापटीप वर बांधलेले, पोशाख नेटका, भाषण कागदाशिवाय. दोन सम्राज्ञी येकातेरिना रशियाने पाहिल्या होत्या. लोक यांना ‘तिसरी येकातेरिना’ म्हणू लागले.

१९६७ हे क्रांतीचं पन्नासावं वर्ष. ‘सोव्रेमेन्निक’ नाट्यसंस्थेने ओलेग येफ्रेमॉव्ह यांच्या दिग्दर्शनाखाली मिखाईल शात्रॉव्ह यांचं ‘बोल्शेविक’ हे नाटक बसवलं. १९१८ मध्ये लेनिनवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या दिवशी त्याचे सहकारी ‘लाल दहशत’ जाहीर करावी की नाही यावर वाद घालतात, असा विषय. क्रांतीतल्या माणसांना शंका पडताना दाखवणं सेन्सॉरला पचलं नाही. ग्लावलितने शिक्का नाकारला. फुर्त्सेवांनी नाटक पाहिलं, त्या हेलावल्या आणि स्वतःच्या जबाबदारीवर प्रयोगाला परवानगी दिली. मंत्र्याने सेन्सॉरला डावलून पडदा उघडायला लावणं ही त्या व्यवस्थेत अचाट गोष्ट होती. पुढे १९७० साली स्तानिस्लाव्हस्कीच्या जुन्या, थकलेल्या मॉस्को आर्ट थिएटरची सूत्रं याच येफ्रेमॉव्ह यांच्याकडे गेली, त्यामागेही बाईच होत्या.

आता दुसरी बाजू. यूरी ल्युबिमॉव्ह १९६४ पासून तागान्का थिएटर चालवत होते. मॉस्कोतलं सर्वांत बंडखोर रंगमंदिर ते. तिथे बोरिस मोझायेव्ह यांच्या कथेवर ‘झिवोय’, म्हणजे ‘जिवंत’, हे नाटक तयार झालं. फ्योदोर कुझ्किन नावाचा शेतकरी सामूहिक शेतीत पोट भरत नाही म्हणून तिथून बाहेर पडतो आणि सगळी यंत्रणा त्याच्या मागे लागते. मूळ कथा १९६६ मध्ये ‘नोव्ही मीर’ मासिकात रीतसर छापून आलेली होती. १९६९ मध्ये फुर्त्सेवा बंद दाराआड तालीम पाहायला आल्या, संतापल्या, आणि नाटक पडलं. त्याचा पहिला जाहीर प्रयोग व्हायला १९८९ साल उजाडलं. व्हालेरी झोलोतुखिन यांनी ऐन तारुण्यात बसवलेली भूमिका प्रेक्षकांसमोर आणली तेव्हा ते पन्नाशीकडे झुकले होते.

हे दोन्ही निर्णय एकाच बाईचे, दोन वर्षांच्या अंतराने. त्यांत सूत्र शोधायला गेलं तर एक दिसतं. ‘बोल्शेविक’मध्ये शंका होती, पण ती श्रद्धावानांची. कुझ्किनला श्रद्धेशी काही देणंघेणं नाही, त्याला मुलांना जेवू घालायचं आहे. फुर्त्सेवांच्या आयुष्याची सगळी चढण पक्षाने दिलेल्या पायऱ्यांवरची. गिरणीतली पोरकी मुलगी पक्षामुळे क्रेमलिनपर्यंत पोचली, हे त्यांच्या दृष्टीने पुरेसं प्रमाण होतं. व्यवस्थेबाहेर पाऊल टाकून सुखी होऊ पाहणारा गरीब माणूस त्यांना खोटा वाटला असणार. हा माझा अंदाज आहे, पण ढोंगाच्या आरोपापेक्षा तो मला जास्त पटतो.

बॅलेच्या बाबतीत मात्र त्यांची बाजू घेणं अवघड आहे. बोल्शॉय थिएटरची सम्राज्ञी माया प्लिसेत्स्काया हिने क्युबन नृत्यदिग्दर्शक अल्बेर्तो अलोन्सो यांना बोलावून, नवरा रोदिओन श्चेद्रिन यांच्या संगीतावर ‘कार्मेन स्वीट’ उभं केलं. २० एप्रिल १९६७ ला पहिला प्रयोग झाला. तोकडा वेश, उघड शृंगार, बिझेच्या ओळखीच्या चालींशी केलेला खेळ. मंत्रीणबाई हादरल्या. पुढचा प्रयोग काटछाट केल्यावरच होऊ दिला गेला आणि त्या वर्षी कॅनडातल्या जागतिक प्रदर्शनाच्या दौऱ्यातून ‘कार्मेन’ वगळण्यात आली. प्लिसेत्स्कायाने आत्मचरित्रात हे सगळं चवीने आणि रागाने लिहिलं आहे. ती थांबली नाही, शेकडो प्रयोग केले आणि ‘कार्मेन’ ही तिची सर्वांत गाजलेली भूमिका ठरली. याच मंत्रीणबाई बोल्शॉयला जगभर पाठवून टाळ्या गोळा करत होत्या. जगाला दाखवायचं ते ‘स्वान लेक’, आणि तेही दर वेळी तेच.

तरी दौऱ्यांची दारं उघडली ती त्यांच्याच काळात, हे नाकारता येत नाही. त्या मंत्री झाल्या त्याच वर्षी पियानोवादक स्व्यातोस्लाव्ह रिश्टर पहिल्यांदा अमेरिकेत वाजवू शकले. वयाच्या पंचेचाळिशीत! तोवर त्यांना पश्चिमेकडे सोडण्याचा धोका कुणी पत्करत नव्हतं. १९६२ मध्ये इगोर स्त्राविन्स्की जवळजवळ अर्ध्या शतकानंतर मायदेशी आले आणि मॉस्कोत फुर्त्सेवांनी त्यांच्यासाठी मेजवानी दिली. ज्याच्या संगीताला स्टालिनच्या काळात शिव्या देणं हे कर्तव्य मानलं जात होतं, तो म्हातारा आता सरकारी पाहुणा होता. १९६४ मध्ये मिलानची ‘ला स्काला’ मॉस्कोत गायली आणि बोल्शॉय मिलानला गेली. तरुण सोव्हिएत गायकांना ‘ला स्काला’त शिकायला पाठवण्याची प्रथा याच वर्षांतली. १९७३ मध्ये चित्रकार मार्क शगाल एक्कावन्न वर्षांनी परतले. मॉस्कोच्या ज्यू नाट्यगृहासाठी त्यांनी तरुणपणी रंगवलेली भित्तिचित्रं गोदामातून बाहेर काढून त्यांच्यासमोर उलगडली गेली आणि त्यांनी त्यांवर सही केली. चित्रं त्यानंतर पुन्हा गोदामात गेली, हेही सांगितलं पाहिजे.

दार उघडलं की काही लोक जातात ते परत येत नाहीत. जून १९६१ मध्ये बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्हने पॅरिसच्या विमानतळावर आश्रय मागितला. १९६२ च्या चायकोव्हस्की स्पर्धेत इंग्लंडच्या जॉन ऑग्डनबरोबर पहिला क्रमांक विभागून मिळवणारा पियानोवादक व्लादिमिर आश्केनाझी पुढच्याच वर्षी लंडनला राहिला. प्रत्येक वेळी जाब मंत्र्याला द्यावा लागे, आणि पुढच्या दौऱ्याच्या यादीवर सही करतानाही मंत्र्यालाच विचार करावा लागे.

सर्वांत वाईट प्रकरण रोस्त्रोपोविच यांचं. चेलोवादक म्स्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच आणि त्यांची पत्नी, बोल्शॉयची गायिका गालिना विश्नेव्हस्काया, यांनी लेखक सोल्झेनित्सिनला आपल्या दाचावर, म्हणजे शहराबाहेरच्या घरात, आसरा दिला होता. १९७० मध्ये सोल्झेनित्सिनला नोबेल मिळालं आणि वर्तमानपत्रांनी झोड उठवली, तेव्हा रोस्त्रोपोविच यांनी संपादकांना खुलं पत्र लिहिलं. ते देशात छापलं गेलं नाही, बाहेर छापलं गेलं. मग मैफिली रद्द, परदेश दौरे बंद, रेडिओवर नाव नाही. जगातल्या सर्वश्रेष्ठ चेलोवादकाला छोट्या गावांतले कार्यक्रम शोधायची वेळ आली. १९७४ मध्ये दोघं देश सोडून गेले आणि १९७८ मध्ये त्यांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. हा निर्णय फुर्त्सेवांच्या पातळीवरचा नव्हता, तो वरून आला. पण अंमलबजावणी त्यांच्या खात्याची होती आणि विश्नेव्हस्कायाने त्यांना कधीच माफ केलं नाही. तिच्या आठवणींतली फुर्त्सेवा दारू पिणारी, भेटवस्तूंची हाव असलेली, अडाणी बाई आहे. लोकगायिका ल्युद्मिला झीकिना त्यांची जिवलग मैत्रीण. तिच्या सांगण्यातली फुर्त्सेवा उमदी, मित्रांसाठी धावणारी आणि आतून एकटी. दोघींनी पाहिलेली बाई एकच असेल तर त्यात आश्चर्य वाटायचं कारण नाही.

भारताशी त्यांचा संबंध मंत्रीपदाच्या आधीपासूनचा. १९६० च्या सुरुवातीला सोव्हिएत राष्ट्रप्रमुख व्होरोशिलॉव्ह भारतात आले त्या शिष्टमंडळात फ्रोल कोझ्लॉव्ह यांच्यासह फुर्त्सेवा होत्या. पाठोपाठ फेब्रुवारीत ख्रुश्चेव्ह दिल्लीत आले आणि दोन्ही देशांत सांस्कृतिक, वैज्ञानिक सहकार्याचा करार झाला. तीन महिन्यांनी त्याची सांस्कृतिक बाजू सांभाळणारं खातं फुर्त्सेवांकडे आलं. त्यांचे दुसरे पती निकोलाय फिर्युबिन हे उपपरराष्ट्रमंत्री. बांगलादेश युद्ध तोंडावर असताना, ऑक्टोबर १९७१ मध्ये, भारत-सोव्हिएत मैत्री कराराखालच्या सल्लामसलतीसाठी दिल्लीत आलेले सोव्हिएत अधिकारी तेच. नवऱ्याचं काम आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत जाऊन बसलं आणि बायकोचं नाव इथे कुणाला ठाऊक नाही. मॉस्कोत नेमकं याच्या उलट.

शेवटची वर्षं उतरणीची, पण त्यांतच सर्वांत मोठं यश आलं. १९७४ मध्ये लूव्हरने ‘मोनालिसा’ टोकियोला पाठवली. पुश्किन संग्रहालयाच्या संचालिका इरिना आंतोनोव्हा यांनी कल्पना मांडली की परतीच्या वाटेवर चित्र मॉस्कोत थांबवता येईल. संचालिकेच्या कल्पनेला फ्रेंच सरकारपर्यंत नेऊन होकार आणण्याचं काम फुर्त्सेवांनी केलं. त्या उन्हाळ्यात मॉस्कोकर तासन्‌तास रांगेत उभे राहिले आणि जाड काचेआडच्या त्या चित्रासमोर काही सेकंद थांबून पुढे सरकले. परदेशी जाण्याची मुभा नसलेल्या लोकांसाठी पॅरिस दारात आलं होतं. त्याआधी तुतानखामेनच्या थडग्यातला खजिनाही याच संग्रहालयात येऊन गेला होता.

त्याच वर्षी पक्षाच्या नियंत्रण समितीने दाचाचं प्रकरण काढलं. मॉस्कोजवळ बांधलेल्या घरासाठी बोल्शॉयच्या दुरुस्तीचं सामान स्वस्तात वापरलं, असा ठपका. पैसे भरावे लागले आणि पक्षाचे ताशेरे ओढून घ्यावे लागले. याहून कितीतरी मोठी घरं बांधून सुखाने राहिलेले लोक वर बसले होते. तेव्हा खरा मुद्दा विटांचा नव्हता, बाईंना आता कुणी पाठीराखा उरला नव्हता एवढाच होता. २४ ऑक्टोबर १९७४ च्या रात्री त्या वारल्या. अधिकृत कारण हृदयविकार. सायनाइडची कुजबुज लगेच सुरू झाली आणि आजही थांबलेली नाही. पुरावा कुणीच दिलेला नाही. नोव्होदेविची स्मशानभूमीत त्यांना मूठमाती मिळाली.

सोव्हिएत संघ गेल्यावर त्यांच्याभोवतीचं कुतूहल कमी झालं नाही, उलट वाढलं. मॉस्कोतल्या एका ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. २०११ मध्ये त्यांच्यावर दूरचित्रवाणी मालिका आली आणि इरिना रोझानोव्हाने प्रौढ फुर्त्सेवा रंगवली. त्यांच्या समकालीन पक्षनेत्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला हे आलं आहे.

त्यांच्या जागी आले प्योत्र देमिचेव्ह. तेही रसायन तंत्रज्ञ, तेही एकेकाळचे मॉस्कोचे पक्षप्रमुख, आणि त्यांनाही केंद्रीय समितीच्या सचिवपदावरून हलवूनच या खात्यात बसवलेलं. ते बारा वर्षं मंत्री होते. आवाज चढवत नसत, रडत नसत, ऐकून घेत आणि फाइल ठेवून घेत. ल्युबिमॉव्ह यांचं ‘झिवोय’ त्यांच्याही काळात बंदच राहिलं.